शाळेतल्या काउन्सेलर मॅमकडे मुलं का जात नाहीत?

रानजाई
मुलगी नववीत आहे. पुण्यातली सीबीएसईची शाळा, नाव लिहीत नाही. शाळेत पूर्णवेळ समुपदेशक आहेत. प्रवेश घेताना माहितीपत्रकात त्यांच्या खोलीचा फोटो होता, पिवळ्या भिंती, बीन बॅग वगैरे. तो बघून मीच जास्त खूश झाले होते.

गेल्या मंगळवारी विज्ञानाच्या तासाला शिपाईमामा गुलाबी चिठ्ठी घेऊन वर्गात आले. बाईंनी ती मोठ्याने वाचली, की अमुक अमुक, तुला काउन्सेलर मॅमनी बोलावलंय. सगळ्या माना वळल्या. मागून कुणीतरी "ऊऽऽऽ" केलं. कन्या उठली, जिन्यापर्यंत गेली, पाणी प्यायली आणि परत येऊन "मॅम जागेवर नाहीयेत" असं ठोकून खाली बसली. मला हे शाळेच्या फोनवरून कळलं. घरी विचारलं तर म्हणते, "आई, तिकडे गेलं की आपली केस होते. मग वर्षभर सगळे विचारतात, तुला नक्की काय झालंय?"

पालकांची मतं कृपया नकोत, ती मला पाठ आहेत. तुमची मुलं या प्रकाराकडे कसं बघतात ते सांगा. अलीकडेच शाळेतून बाहेर पडलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं.

तिरकस_पेठकर
आमच्या वेळी समुपदेशन डस्टरने व्हायचं. एकच सत्र, लगेच गुण.
(हलके घ्या.)

गवतीचहा
हा प्रतिसाद पहिल्या तिनांत येणार अशी नवऱ्याशी पैज लावली होती. पेठकर काका, वडापाव जिंकला मी. आभार.

नुकतीच_बारावी
रानजाई काकू, मी गेल्या वर्षी बारावी झाले. मुंबईतली शाळा.

आमच्याकडे मॅमची खोली प्रिन्सिपलचं ऑफिस आणि फी भरायची खिडकी यांच्या मधोमध होती. बाहेर एक बाक. उशिरा आलेले, फी थकलेले, मोबाइल सापडलेले सगळे त्याच बाकावर. त्यामुळे तिथे कुणीही बसलेलं दिसलं की हा काहीतरी करून आलाय असंच वाटायचं.

नववीत मी स्वतःहून गेले होते. घरी तेव्हा रोज भांडणं चालायची, मला झोप यायची नाही. मॅम खरंच छान होत्या. मी रडले, त्यांनी अजिबात घाई केली नाही. हा शुक्रवार. सोमवारी क्लासटीचरनी हजेरी घेता घेता मला टेबलाजवळ बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक ना गं आता?" पहिल्या दोन बाकांना ऐकू गेलं. मॅमनी त्यांना "हिच्याकडे जरा लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं असणार, चांगल्या मनानेच. पण मला जे कळायचं ते कळलं. मी परत गेले नाही.

आमची बॅच त्या खोलीला आकाशवाणी म्हणायची.

तिरकस_पेठकर
आकाशवाणी! माझं डस्टर मागे घेतो.

दोन_मुलांचा_बाप
मुलगे आणि मुली यांत फरक आहे असं माझं निरीक्षण. माझी मोठी मुलगी निदान "जावं का?" असा विचार तरी करते. धाकटा आठवीत आहे, त्याच्या लेखी काउन्सेलर ही शिक्षेची पायरी आहे. आधी वहीत शेरा, मग काउन्सेलर, मग पालकांना बोलावणं. फुटबॉलवरून मारामारी झाली तेव्हा दोघांना तिथे पाठवलं आणि तिथे बसवून माफीनामा लिहून घेतला. लहानपणी आपल्याला "जेवला नाहीस तर पोलीस येईल" म्हणायचे ना, तसं त्याच्या गणिताच्या बाई म्हणतात, "थांब, काउन्सेलरकडेच पाठवते." एवढी जाहिरात झाल्यावर कोण जाईल हौसेने?

शांत_खुर्ची
मी हेच काम करते. अकरा वर्षं झाली, तीन शाळा. आकाशवाणी वाचून आधी हसले, मग जरा वेळ गप्प बसले.

पहिल्याच भेटीत मी मुलांना सांगते की तीन गोष्टी माझ्यापाशी राहू शकत नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्याकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि तुझ्याशी कुणी लैंगिक गैरवर्तन केलं असेल तर. तिसऱ्या बाबतीत माझ्या मर्जीचा प्रश्नच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ आहे, पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम २१ खाली मीच गुन्हेगार. बाकी सगळं खोलीत राहतं. निदान राहायला हवं.

आता आतली बाजू. दर महिन्याला शाळेला अहवाल लागतो. "कोण कोण येतं तुमच्याकडे?" हा प्रश्न मी तिन्ही शाळांत ऐकलाय. मी संख्या देते, नावं देत नाही. एका ठिकाणी यावरून इतकं ताणलं गेलं की मीच सोडलं. ज्यांना नोकरी सोडणं परवडत नाही त्या देतात नावं, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरं म्हणजे प्रॉक्सी. कुणी शिक्षक रजेवर गेले की ऑफ तासावर काउन्सेलर. काल आठवी ब वर मी "आवाज बंद!" म्हणून ओरडले. आज त्याच वर्गातलं पोर माझ्यापुढे मन कसं मोकळं करेल? परीक्षेच्या सुपरव्हिजनला एकदा एका मुलाच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. पकडावी लागली. तो त्याआधी दोन महिने माझ्याकडे नियमित येत होता. नंतर समोर आला तरी मान फिरवायचा.

आणि मूल कधीच "मला त्रास होतोय" असं म्हणत येत नाही. "माझी एक मैत्रीण आहे, तिला ना..." अशी सुरुवात असते. किंवा पोट दुखतं, सिकरूममध्ये दोनदा झोपून येतं आणि तिसऱ्यांदा तिथल्या सिस्टर माझ्याकडे धाडतात. सहावीतला एक मुलगा चार वेळा आला आणि चारही वेळा माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत बसला, शब्द नाही. पाचव्यांदा म्हणाला, "मॅम, पिना संपल्या. भरू?" भरता भरता, खाली बघतच, बोलायला लागला.

रानजाई, ती गुलाबी चिठ्ठी सगळ्यात आधी बंद करायला सांगा.

नुकतीच_बारावी
शांत_खुर्ची ताई, ते तीन नियम आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. "इथे बोललेलं इथेच राहतं" एवढा एक इंग्रजी पोस्टर होता, मांजरीच्या पिल्लाचा. अर्धवट खरं सांगण्यापेक्षा "हे हे मी सांगणार आहे" असं तोंडावर सांगितलं असतं तर मी कदाचित परत गेले असते.

स्पष्टवक्ता६२
माझं मत कुणाला आवडणार नाही. एकत्र कुटुंबं मोडली, आजी-आजोबा गावी पाठवले, आणि आता तेच काम करायला पगारी माणूस ठेवायचा. मुलांना जरा काही झालं की ट्रॉमा. आम्ही वडिलांचा मार खाऊन त्यांच्याच शेजारी जेवायला बसायचो. काही बिघडलं नाही.

गवतीचहा
काका, काही बिघडलं नाही हे तुम्ही म्हणताय. एकदा काकूंना विचारून बघा. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

आकडेमोड
थोडी आकडेवारी टाकतो. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या जवळपास ३ लाख ८० हजार मुलांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितलं. म्हणजे त्रास आहे आणि मुलं तो कागदावर लिहितातही.

दुसरा आकडा युनिसेफच्या २०२१ च्या अहवालातला. मानसिक त्रासात दुसऱ्याचा आधार घेणं चांगलं, असं भारतातल्या १५ ते २४ वयाच्या फक्त ४१ टक्के तरुणांना वाटलं. २१ देशांची सरासरी ८३ होती.

स्पष्टवक्ता६२
बघा! मुलांनाच नकोय. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

आकडेमोड
नाही हो. वर 'नुकतीच_बारावी' यांचा अनुभव वाचा. त्या गेल्या होत्या, पोळल्या, परत गेल्या नाहीत. उद्या त्यांना कुणी सर्वेक्षणात विचारलं तर त्या 'नको'च्या रकान्यात जातील. ते 'नको' आणि तुमचं 'नको' एकच का?

बालाघाटचा_मास्तर
धागा वाचून गंमत वाटली, म्हणून लिहितो. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे 'समुपदेशन' म्हटलं की मास्तर लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण आमचं समुपदेशन म्हणजे बदली. स्क्रीनवर रिकाम्या जागा दाखवतात, एक उचलायची, सही करायची. मन मोकळं होतं खरं, पण घरी गेल्यावर बायकोपुढे.

समुपदेशक नावाची व्यक्ती आमच्या पोरांनी पाहिलेली नाही. २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे आणि तक्रारपेटी आहे. पेटी मी दर आठवड्याला दोन सदस्यांसमोर उघडतो. "खिचडीत मीठ कमी असतंय." "पंखा लावा." "गण्या मला टकल्या म्हनतो." एकदा नुसती कोरी चिठ्ठी, चार घड्या घातलेली. ती कुणाची असेल याचा विचार मी अजून करतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबाप कारखान्यावर जातात, पोरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीपाशी. सातवीतली एक पोर तेव्हापासून बोलेनाशी झाली. मी विचारलं, बाईंनी विचारलं, उत्तर नाही. मग कळलं की ती रोज मधल्या सुट्टीत खिचडीवाल्या मावशींना भांडी विसळायला मदत करते आणि तेवढा वेळ तोंड बंद नसतं. मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी मला फक्त एवढं सांगितलं, "गुरुजी, तिला आईशी रोज फोन लावून द्या, बाकी मला इचारू नका." मी विचारलं नाही. फोन लावून दिला.

शांत_खुर्ची
मास्तर, तुमच्या मावशींना पदविका न घेता गोपनीयता कळते. "बाकी मला इचारू नका" हे मी खोलीत लिहून लावणार आहे.

एडिसनचा_अण्णा
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे हायस्कूलमध्ये प्रत्येक मुलाला काउन्सेलर नेमून दिलेला असतो, साधारण आडनावाच्या अक्षरांप्रमाणे. विषय निवडायचे, वेळापत्रक बदलायचं, कॉलेजचे अर्ज, सगळं त्याच्याकडेच. त्यामुळे त्याच्या दारात उभं राहण्याची लाज कुणालाच नाही. रेशनच्या रांगेत उभं राहण्याची लाज कुणाला वाटते? सगळेच उभे.

पण तोटाही तोच. तोच काउन्सेलर कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहितो. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, ज्याने माझ्याबद्दल चांगलं लिहायचंय त्याला मी रात्रभर झोपत नाही हे कसं सांगू?" आणि एकेकाकडे मुलं इतकी की भेट दहा मिनिटांची. इथल्या समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० मुलांमागे एक असावा म्हणते. आमच्या शाळेत तेवढे कधीच नव्हते.

तिरकस_पेठकर
अण्णा, रेशनच्या रांगेची उपमा एडिसनहून यावी! माती सुटत नाही माणसाची.

कलाकलाने
जरा अवांतर, पण आमच्या शाळेत काउन्सेलर म्हणजे फक्त करिअर. दहावीला बोर्डाची कल चाचणी असायची ना, २०१६ ला सुरू झालेली, ती मी दिली आहे. माझा कल 'ललित कला' असा आला. बाबांनी निकाल नीट घडी घालून फायलीत ठेवला आणि मला सायन्सला घातलं. "कल बघितला, आता अभ्यासाला बस."

गवतीचहा
मग आता काय करतेस?

कलाकलाने
एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या स्क्रीनची चित्रं काढते. दोघेही जिंकले म्हणायचं.

दोन_मुलांचा_बाप
कल चाचणीचं सोडा, पण ज्ञान प्रबोधिनीत मुलीची अभिक्षमता चाचणी केली होती, नंतर तासभर नीट बसून बोलले. तिला ते आवडलं. का आवडलं विचारलं तर म्हणाली, "त्यांना शाळेत कुणी ओळखत नाही." इथे मला या धाग्याचं अर्धं उत्तर मिळालं.

आकडेमोड
रच्याकने (बाय द वे), जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. मास्तर, तुमच्या शाळेचा पट किती?

बालाघाटचा_मास्तर
पट ११४. दिवाळीनंतर ६०. नियम कोणत्या महिन्याचा धरायचा?

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळाकडून शाळांना समुपदेशक मिळतात, ही चांगलीच गोष्ट. पण एकेका समुपदेशकाकडे एकाहून जास्त शाळा, त्यामुळे वार ठरलेले. माझ्या भाच्याच्या शाळेत मंगळवार आणि गुरुवार. त्याला मी विचारलं, तू जातोस का रे? म्हणाला, "मामी, माझं भांडण नेहमी शुक्रवारी होतं. मंगळवारपर्यंत आम्ही परत क्रिकेट खेळत असतो."
पण त्याच शाळेतली एक मुलगी म्हणे गुरुवारची वाट बघते. त्यामुळे हसू की काय, कळेना.

स्पष्टवक्ता६२
रात्री परत वाचला धागा. माझा नातू सातवीत आहे, आमच्याबरोबरच राहतो, म्हणजे एकत्र कुटुंबच. सहज विचारलं, तुला शाळेत काही झालं तर कुणाला सांगशील? म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नाही." का? "तुम्ही जेवताना सगळ्यांना सांगता."
लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तिरकस_पेठकर
म्हणजे आकाशवाणीचं पुणे केंद्र घरीच निघालं. स्पष्टवक्ते, मानलं तुम्हाला. हे लिहायला छाती लागते.

गवतीचहा
+१. काका, वडापाव तुम्हाला.

हिरवा_चाफा
सगळे मुलांच्या भीतीबद्दल लिहितायत म्हणून उलटा अनुभव देते. आमच्या शाळेतल्या मॅम मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा घेऊन पायऱ्यांवर बसायच्या. खोलीत कमीच. कुणीही शेजारी बसायचं, लोणचं मागायचं. दहावीत माझे बाबा गेले तेव्हा त्या घरी आल्या नाहीत, वर्गात काही बोलल्या नाहीत. मी पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हा पायरीवर फक्त थोड्या सरकल्या, जागा केली. मी रोज तिथे जेवले, फेब्रुवारीपर्यंत. आम्ही 'त्या' विषयावर बहुतेक दोनदाच बोललो असू. ते समुपदेशन होतं हे मला बीए ला मानसशास्त्र घेतल्यावर कळलं.

नुकतीच_बारावी
एक विचारू? शाळेत नको असेल तर त्या फोन हेल्पलाइन चालतात का? माझी मैत्रीण (खरंच मैत्रीण) विचारतेय.

शांत_खुर्ची
टेलि-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांवर संकट असेल तर १०९८. मैत्रिणीला सांग, पहिलं वाक्य सुचलं नाही तरी चालतं, समोरच्याला त्याची सवय असते. मुलं मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे की आईच्या फोनवर नंबर दिसेल का. दिसतो. आपल्याकडे पोराला स्वतःचा फोन नसतो आणि स्वतःची खोलीही नसते, हे हेल्पलाइनची पोस्टरं छापणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.
तुझ्या मैत्रिणीला हवं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

रानजाई
इतके प्रतिसाद! सगळे वाचले, काही कन्येलाही वाचून दाखवले. 'आकाशवाणी' तिने लगेच उचललं, उद्यापर्यंत शाळाभर होईल. क्षमस्व.

बुधवारी शाळेत जाऊन मॅमना भेटले. वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच लहान निघाल्या, सत्तावीस-अठ्ठावीसच्या. चिठ्ठीचा विषय काढला तर म्हणाल्या, गुलाबी कागद ऑफिसचा, वाचून दाखवायची पद्धत जुनी, त्यांनी दोनदा सांगून बघितलंय. पालकांकडून लेखी आलं तर बरं होईल म्हणाल्या. दिलं लिहून. आणि कन्येला बोलावण्याचं कारण? तिचं काहीच नव्हतं. तिची एक मैत्रीण महिनाभर येत नव्हती, तिच्याबद्दल विचारायचं होतं. यापुढे त्या मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसणार आहेत, मुलांनी पुस्तक बदलायला म्हणून यावं.

काल कन्या गेली. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही (स्पष्टवक्ते काका, तुमच्यामुळे). रात्री भांडी लावताना आपणहून म्हणाली, "ठीक आहेत मॅम. निघताना त्यांनी विचारलं, वर्गात कुणी विचारलं तर काय सांगशील? मला सुचेना. मग त्याच म्हणाल्या, निबंध स्पर्धेसाठी बोलावलं होतं असं सांग."

शांत_खुर्ची
निघताना हा प्रश्न विचारणं मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. चोरते.

तिरकस_पेठकर
छान. मग निबंध कधी द्यायचाय?

रानजाई
तेच तर! मराठीच्या बाईंच्या कानावर गेलं. सोमवारपर्यंत, पाचशे शब्द. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. इथे कुणाकडे जुना तयार असेल तर व्यनि करा.